सुपरकॉम्प्युटरचा हिशोब: मोजतात काय, वाचतात काय

तिमाही संपली की आमच्या संशोधन गटाला एक पीडीएफ येते. आम्ही ज्या सुपरकॉम्प्युटरवर काम करतो त्यावर कोणी किती वेळ खर्च केला, त्याचा तक्ता. रकाने तीनच: नाव, खातं, कोअर-अवर. ज्याचा आकडा मोठा त्याचं नाव वर. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एकदा या तक्त्यात सगळ्यात वर माझं नाव होतं.

ग्रुप मीटिंगमध्ये तो तक्ता पडद्यावर लावला गेला. कोणी ओरडलं वगैरे नाही. सरांनी एवढंच विचारलं, "इतकं काय चाललंय तुझं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं. माझ्या आकड्यातले ३८,०१६ कोअर-अवर फक्त अकरा जॉबचे होते, आणि ते अकरा जॉब म्हणजे माझ्या मते किरकोळ काम होतं. पण त्यांच्यामुळे गटाचा तिमाहीचा कोटा संपला होता. आमच्या एका सिनिअरच्या पेपरवर परीक्षकांनी दोन जादा सिम्युलेशन मागितली होती. ती तीन आठवडे अडकून राहिली. तो मला एका शब्दानं बोलला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकते. पण त्यानंतर मी या हिशोबाच्या मागे लागले. तो कसा होतो, कशाचा होतो, कोणाला दाखवतात, हे शोधत गेले, आणि आता माझं मत असं झालंय की त्या तीन रकान्यांच्या तक्त्यातही चूक आहे. आमची मशीन कोणती ते लिहिणार नाही. पीएचडी अजून पूर्ण व्हायची आहे!

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मी सिकलसेलमधल्या हिमोग्लोबिनचं सिम्युलेशन करते. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात. हे चिकटणं नेमकं कसं सुरू होतं, ते अणू-अणू पातळीवर बघायचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला सिकलसेल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी असतंच. तर या कामाला लॅपटॉप पुरत नाही. लाखो अणू आणि दर दोन फेम्टोसेकंदांनी प्रत्येकावरच्या बलाचं गणित. म्हणून सुपरकॉम्प्युटर.

आणि सुपरकॉम्प्युटर कोणा एकाचा नसतो. पुण्यात सी-डॅक १९८८ साली सुरू झालं, १९९१ मध्ये परम ८००० आला, तेव्हापासून आपल्याकडे हे यंत्र म्हणजे दहा जणांनी मिळून वापरायची गोष्ट. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातूनच २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आला. त्याची रचना उघडपणे उपलब्ध आहे म्हणून उदाहरणाला तोच घेते. त्याच्या साध्या नोडमध्ये २४-२४ कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणजे ४८ कोअर, आणि १९२ जीबी मेमरी. असे कितीतरी नोड एकमेकांना जोडलेले. लोकांच्या पैशातून घेतलेली वस्तू शेकडो लोक वापरतात, तेव्हा कोणी किती वापरली याची वही हवीच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ही वही बहुतेक ठिकाणी स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर लिहितं. तुम्ही एका छोट्या फाइलमध्ये लिहून द्यायचं: मला इतके नोड, इतके कोअर, इतकी मेमरी, जास्तीत जास्त इतके तास. मग जॉब रांगेत लागतो. नंबर आला की तेवढे कोअर तुमच्या नावावर होतात आणि जॉब संपेपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. मिळालेले कोअर गुणिले गेलेला वेळ म्हणजे कोअर-अवर. तक्त्यातला तिसरा रकाना तो हाच.

माझ्या अकरा जॉबचं झालं असं, की सिम्युलेशन आधीच झालेलं होतं. त्यातून कोणता अणू कोणाच्या किती जवळ आला ते मोजायचं होतं. त्यासाठी पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिला होता. जॉबची फाइल मात्र मी लिहिली नव्हती, गटात फिरत आलेली होती. चंद्रपूरला एमएस्सी करताना लिनक्सची काळी खिडकी मी दोनदा पाहिली असेल. इथे आल्यावर कोणी तरी फाइल दिली, वरचं नाव बदल म्हणून सांगितलं, मी बदललं. फाइलीत एक नोड, ४८ कोअर, ७२ तास आणि 'एक्सक्लुझिव्ह' असं लिहिलेलं होतं, म्हणजे अख्खा नोड मलाच द्या, दुसऱ्या कोणाला त्यात येऊ देऊ नका. माझा पायथॉनचा प्रोग्राम एका वेळी एकच कोअर वापरायचा. ४८ गुणिले ७२ म्हणजे ३,४५६. असे अकरा. खरोखर काम केलेले तास एका जॉबला ७२. टक्केवारी काढली तर २.१. बाकी ४७ कोअर तीन दिवस दिवे लावून बसून होते.

त्या मे महिन्यात घरी, पोंभुर्ण्याला गेले होते. रात्री गच्चीवर मोबाइलच्या नेटवर लॉगिन करून रांग बघत होते, तेव्हा आईनं विचारलं की एवढं तोंड पाडून काय बसलीस. सांगितलं. ती म्हणाली, "वापरलं एक अन् पैसे अठ्ठेचाळीसचे? असं कसं बाप्पा?"

मला तेव्हा ते फार पटलं होतं. आता पटत नाही. पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये सीट बुक केली आणि आपण चढलोच नाही तर पैसे जातातच, कारण ती सीट दुसऱ्याला मिळाली नाही. मी अडवलेले ४७ कोअर कोणा दुसऱ्याला मिळाले नाहीत. ते माझ्या खात्यावर पडले हे न्यायाचंच झालं. अडवलेल्या वेळेचे पैसे लावू नका असं म्हटलं तर उद्या प्रत्येक जण अख्खी मशीन मागून ठेवेल.

मावशी तिथेच होती. तिच्या गावाला तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. ती म्हणाली, "आमच्या फळीवर तं पुडेच मोजतेत. रानात किती हिंडलो ते कोण विचारते?" सत्तर पानांचा पुडा. फाटकी, डागाळलेली पानं असली की तो बाजूला. वाघाच्या भीतीनं अर्ध्या रस्त्यातून परत फिरलेली सकाळ कुठेच लिहिली जात नाही. फळीवर हातात आलेला माल मोजतात, आमच्या मशीनवर अडवलेली जागा मोजतात. मधली गोष्ट, म्हणजे केलेलं काम, दोन्हीकडच्या वहीत पैसे लावताना धरत नाहीत. फरक एवढाच, की दिवाणजीला मावशी किती हिंडली ते कळायचा काही मार्ग नाही. स्लर्मला आहे.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. स्लर्मच्या वहीत तीन रकाने नसतात, शंभराच्या आसपास असतात. 'एस-अ‍ॅक्ट' ही आज्ञा दिली की त्यातले हवे ते काढता येतात. त्यात 'सीपीयू टाइम' म्हणजे अडवलेला वेळ आणि 'टोटल सीपीयू' म्हणजे प्रोसेसरनं प्रत्यक्ष काम केलेला वेळ, असे दोन्ही शेजारी शेजारी मिळतात. माझ्या पहिल्याच जॉबच्या दुसऱ्या दिवशी कोणी ते दोन आकडे बघितले असते तर उरलेले दहा जॉब झालेच नसते. ते आकडे यंत्राजवळ होते. मला बघता येत होते, पण तशी आज्ञा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मदतीच्या पत्त्यावर मेल केला तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं, त्यात ती आज्ञा होती. तिमाही संपल्यावर.

म्हणजे नोंद होते वापरणाऱ्याची आणि ती जाते वरच्याला. पीडीएफ सरांना येते, सरांना त्यावरून वर खर्चाचा अहवाल द्यायचा असतो, आणि तिथे एकच आकडा मागतात म्हणून एकच आकडा काढलेला असतो. त्या आकड्यावरून तीन वेगळे अर्थ निघू शकतात: हिनं खूप काम केलं, हिनं खूप वाया घालवलं, किंवा हिचं कामच मोठं आहे. कोणता खरा ते तक्ता सांगत नाही. मग खोलीत बसलेले लोक स्वतःच्या समजुतीनं अर्थ लावतात. ज्याचं इंग्रजी चांगलं, जो सिनिअर, त्याचा मोठा आकडा म्हणजे मेहनत. बाकीच्यांचा म्हणजे उधळपट्टी. हे मी रागात लिहीत नाहीये, दोन वर्षं त्या खोलीत बसून पाहिलंय.

आता कोणी म्हणेल, मग सोपं आहे, चौथा रकाना टाका, कार्यक्षमतेची टक्केवारी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. काही ठिकाणी 'सेफ' नावाची छोटी आज्ञा असते, ती जॉब संपल्यावर ही टक्केवारी काढून देते. मी सगळ्या जुन्या जॉबवर ती चालवली. पायथॉनचे जॉब दोन टक्के, सिम्युलेशनचे जॉब अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. वा! मग पुढचं सिम्युलेशन मी एका नोडऐवजी चार नोडवर चालवलं. तिथेही नव्व्याण्णव टक्के.

पण ग्रोमॅक्स, म्हणजे आम्ही वापरतो तो सिम्युलेशनचा प्रोग्राम, लॉग फाइलच्या शेवटी स्वतःचा एक आकडा छापतो: दिवसाला किती नॅनोसेकंद पुढे गेलो. तो पाहिला तर चौपट कोअर घेऊन वेग जेमतेम दुप्पट झाला होता. म्हणजे एका नॅनोसेकंदाची किंमत दुप्पट. तरी टक्केवारी नव्व्याण्णव कशी? कारण नोड एकमेकांच्या उत्तराची वाट बघत असतात तेव्हा प्रोसेसर झोपत नाही. "आलं का, आलं का" असं सेकंदाला लाखो वेळा विचारत बसतो. एमपीआय वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये हे मुद्दाम तसं केलेलं असतं, निरोप आला की क्षणही न दवडता उचलता यावा म्हणून. वहीच्या दृष्टीनं मात्र ते काम. माझे ४७ कोअर निदान प्रामाणिकपणे रिकामे बसले होते. इथले कोअर रिकामे असून घाम पुसत होते.

मेमरीची गोष्ट याहून गमतीची आहे. जॉबनं जास्तीत जास्त किती मेमरी वापरली ते 'मॅक्स आरएसएस' या रकान्यात येतं. पण हा आकडा सतत बघून काढलेला नसतो. वेगळं काही ठरवून दिलं नसेल तर स्लर्म दर तीस सेकंदांनी डोकावतो आणि तेव्हा दिसेल ते टिपतो. मधल्या काळात मेमरी उसळी मारून मर्यादेबाहेर गेली तर लिनक्सचा कर्नल लगेच जॉब मारून टाकतो. वहीत मात्र उसळीच्या आधीचा शांत आकडा राहतो. एका मुलीचा जॉब असा चार वेळा मेला. प्रत्येक वेळी वही म्हणत होती की तिनं मागितलेल्या मेमरीच्या निम्मीसुद्धा वापरली नाही. ती बिचारी प्रोग्राममधली चूक शोधत बसली, आणि त्या मेलेल्या चारही जॉबचे तास तिच्या नावावर लागले. चालत असताना मेला तरी जागा अडवलेलीच होती ना.

उलट्या बाजूनंही अन्याय होतो, त्याची ओरड कोणी करत नाही कारण ज्याचा फायदा होतो तो गप्प बसतो. समजा एखाद्याला कोअर एकच हवा, पण मेमरी ९६ जीबी हवी. त्यानं परम ब्रह्मसारख्या नोडची निम्मी मेमरी अडवली. कोअरमागे ४ जीबी या हिशोबानं ती २४ कोअरच्या वाट्याची. व्यवस्थापकानं वेगळं काही ठरवलं नसेल तर स्लर्म फक्त कोअर मोजतो, म्हणजे तासाला एक कोअर-अवर. तक्त्यात हा माणूस गुणी बाळ. स्लर्ममध्ये यावर इलाज आहे: मेमरीला, जीपीयूला वजन लावता येतं. ४ जीबी म्हणजे एक कोअर असं वजन लावलं आणि कोअर व मेमरी यातलं जे जास्त ते धरायचं ठरवलं, तर त्याच माणसाला तासाला २४ लागतात. हे वजन कोणी, किती लावायचं, हा खरं तर वाटपाचा प्रश्न आहे. गावात तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला आधी सोडायचं यावर चार माणसं बसून बोलतात, कधी भांडतात. इथे ते एका सेटिंग फाइलीतल्या एका ओळीत ठरतं आणि आम्हा वापरणाऱ्यांना ती ओळ कोणी वाचून दाखवत नाही.

रांगेतल्या क्रमाचा हिशोब पुन्हा वेगळा. त्याला फेअरशेअर म्हणतात: अलीकडे ज्यानं जास्त वापरलं तो मागे. हा हिशोब विसरत जातो. स्लर्ममध्ये काही बदललं नसेल तर जुन्या वापराचं वजन दर सात दिवसांनी निम्मं होतं. चार आठवड्यांनी माझ्या ३८,०१६ चं वजन सोळाव्या हिश्शावर, २,३७६ वर आलं असणार. हे मला आवडतं. पण आता सर्रास वापरतात त्या फेअर ट्री पद्धतीत आधी खात्यांची तुलना होते, मग खात्यातल्या माणसांची. म्हणजे मी उधळलं की आमचा अख्खा गट शेजारच्या गटाच्या मागे जातो, ज्यानं महिनाभर लॉगिनसुद्धा केलं नाही तोही. आणि कोट्याचा हिशोब बऱ्याच ठिकाणी विसरत नाही, तो तिमाहीअखेरपर्यंत तसाच राहतो. माझ्या सिनिअरचे तीन आठवडे त्यात गेले.

हे सगळं वाचताना एक जुना किस्सा सापडला. १९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संशोधनाचा निधी संपला म्हणून संगणक विभागात बसवलं. तिथे यंत्राच्या वापराचा हिशोब दोन प्रोग्राम वेगवेगळे ठेवायचे. महिन्याच्या ताळमेळात ७५ सेंटचा फरक आला. काही सेकंदांचा वापर, ज्याचे पैसे कोणाच्याच नावावर लागत नव्हते. साहेबानं नव्या माणसाला काम लावायचं म्हणून तो फरक शोधायला सांगितला. स्टोल त्यामागे वर्षभर लागला आणि शेवटी जर्मनीतल्या हानोवरमध्ये बसलेल्या एका हॅकरपर्यंत पोचला, जो अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून केजीबीला माहिती विकत होता. त्यावर त्याचं 'द ककूज एग' हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. लोक हा किस्सा हेरगिरीसाठी सांगतात. माझं लक्ष त्या पहिल्या दिवसावर जातं. कोणी तरी वही उघडून एका ओळीजवळ थांबलं आणि विचारलं, हे असं का? स्टोलजवळ दोन वह्या होत्या म्हणून फरक दिसला. आमच्या पीडीएफमध्ये एकच रकाना आहे, तो कशाशी ताडून बघणार?

मी मशीन चालवणाऱ्यांच्या विरोधात नाही. ती दोन-तीन माणसं असतात, रात्री नोड बंद पडला की तेच येतात, आणि तक्ता त्यांनी स्वतःच्या हौसेनं काढलेला नसतो. पण वापरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींचा मेल जाणं अवघड नाही: किती अडवलं, किती चाललं, मेमरी किती, रांगेत किती वेळ होतीस. पैसे लागत नाहीत, सगळं वहीत आहेच.

आमच्या गटापुरतं मी ते केलं. रोज पहाटे एक छोटा प्रोग्राम कालच्या जॉबच्या ओळी काढतो आणि ज्याच्या त्याला मेल करतो. सरांना जात नाही, हे मुद्दाम. टक्केवारीखाली एक वाक्य टाकलंय, की एमपीआयच्या जॉबसाठी या आकड्यावर विश्वास ठेवू नका, लॉगमधले नॅनोसेकंद बघा. पहिल्या आठवड्यात त्या सिनिअरचाच एक जॉब तीन टक्क्यांचा निघाला. तो हसत माझ्या टेबलाजवळ आला. आम्ही त्याची फाइल उघडली. मला मिळालेली फाइल मूळ त्याचीच होती हे तेव्हा कळलं, आणि त्याला ती त्याच्या सिनिअरनं दिली होती.

परवा गडचिरोलीकडचा एक नवीन मुलगा आलाय गटात. त्याला पहिला मेल गेला. दुपारी लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, "ताई, हे दोन पॉइंट एक टक्के म्हणजे का असते?" मी खुर्ची ओढून दिली. फाइल उघडली तर तिसऱ्या ओळीत तेच होतं, एक्सक्लुझिव्ह.